देवळाली: गांव आणि छावणी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन हें मूळचें कोळ्यांचें गांव. १७५० मध्यें डॉ. रिचर्ड रसेल यांनीं समुद्रजलाचे औषधी गुण वर्णिणारा प्रबंध लॅटिन भाषेंत प्रसिद्ध केला. १७८३ पासून युवराज जॉर्ज तेथें येऊं लागले. राजाश्रयानें खेड्याचें नगर झालें, आणि १८४१ मध्यें लंडनहून आगगाडी येतांच तें सामान्य जनांसहि सुलभ झालें. ज्या स्टाइन नामक मैदानावर कोळी आपलीं जाळीं वाळवीत, तेंच पुढें प्रतिष्ठितांचें विहारस्थान बनलें.

नाशिकास समुद्र नाहीं. तथापि अशा स्थित्यंतराचें उदाहरण आपल्या अगदीं जवळ, देवळालीस, आहे. येथें ओढ पाण्याची नव्हती, हवेची होती. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत सरकारनें देवळालीच्या माळावर गोऱ्या फौजेसाठीं छावणी वसविली. त्याच दशकांत, १८६५ मध्यें, थळ घाटांतील लोहमार्ग खुला झाला व मुंबईची दमट हवा सोडून घाटमाथ्यावर येणें सोपें झालें. विलायतेहून आलेल्या तुकड्या येथें विसावा घेऊन पुढें जात. मुदत संपलेले शिपाई परतीच्या जहाजाची वाट पाहत.

या वाट पाहण्यांतच एका शब्दाचा जन्म आहे. फौजेचीं जहाजें थंडीच्या हंगामांतच सुटत. हंगाम संपल्यावर आलेल्या शिपायास पुढील हंगामापर्यंत महिनेच्या महिने काढावे लागत. हातास काम नाहीं, घर सातासमुद्रांपलीकडे, आणि वर वैशाखाचें ऊन! कित्येकांचें चित्त ठिकाणावर राहत नसे. त्या अवस्थेस शिपाई ‘डूलाली टॅप’ म्हणूं लागले. पहिला शब्द म्हणजे आपली देवळाली, दुसरा आपला ताप. कालांतरानें ताप गळाला आणि ‘डूलाली’ हा एकटाच शब्द वेडाचा वाचक म्हणून इंग्रजी कोशांत जाऊन बसला.

दैवगति पाहा! याच हवेच्या गुणासाठीं मुंबईचे पारशी व गुजराती गृहस्थ येथें बंगले आणि आरोग्यभुवनें बांधीत होते. १९२५ मध्यें बार्न्स विद्यालय मुंबईहून येथें आलें. दोष हवेचा नव्हता, रिकामपणाचा होता. परंतु बोल लागला तो गांवाच्या नांवास.

बरें, नांव तरी गांवाकडे राहिलें काय? ‘देवळाली’ म्हटलें कीं लोकांच्या डोळ्यांपुढें उभी राहते ती छावणी, तोफखान्याचें विद्यालय, हवा खाण्याचे बंगले. नाशिक रोडच्या शेजारचें मूळ गांव १९८२ पासून नाशिक महानगरपालिकेच्या हद्दींत आहे. त्यास मात्र ‘देवळाली गांव’ अशी दुहेरी ओळख सांगावी लागते. घरच्या धन्यानें स्वतःच्याच दारांत नांव सांगून आंत यावें, तशांतला हा प्रकार.

ब्रायटनच्या कोळ्यांचें मैदान गेलें, देवळालीच्या कुणब्यांचें नांव गेलें. अशा स्थळांचा इतिहास बहुधा पाहुण्यांच्या सुखदुःखांनींच भरलेला असतो. तो लिहितांना यजमानाचीहि विचारपूस व्हावी, इतकेंच आमचें मागणें आहे.