चार्जबॅक (डिजिटल माल)

ग्राहकाच्या तक्रारीवरून त्याची बँक कार्डाने भरलेली रक्कम विक्रेत्याकडून परत वळवते, ती प्रक्रिया. अमेरिकेतील 1974 च्या फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टने ग्राहकाच्या या हक्काला कायद्याचा आधार दिला.

उल्हासनगरच्या बाजारातला फर्निचरवाला माल पोचल्याची सही दाखवू शकतो. अंबरनाथ-बदलापूरमध्ये घरबसल्या लग्नपत्रिकेचे डिझाइन किंवा शिकवणीच्या नोट्सची पीडीएफ विकणाऱ्याकडे तशी सही नसते आणि गेलेली फाइल परतही येत नाही. त्यामुळे वाद हरल्यास माल, रक्कम आणि वर पेमेंट गेटवेचे शुल्क असे तिन्ही जाते. हे ओझे लहान विक्रेत्याला फार जड आहे.

भारतात 2009 पासून ऑनलाइन कार्डव्यवहाराला पिन किंवा ओटीपीसारखी दुसरी पडताळणी लागते. परदेशी कार्डावर ती नसू शकते, म्हणून तिथे धोका अधिक.

यूपीआयमध्ये (सुरुवात 2016) वेगळीच अडचण येते. ग्राहकाने दिलेला पैसा फसवणुकीतला निघाला आणि मूळ पीडिताने 1930 या सायबर फसवणूक मदत क्रमांकावर तक्रार केली, तर पैशाचा माग काढत बँक निरपराध विक्रेत्याच्याही खात्यातील रक्कम रोखून धरू शकते. अशा वेळी बिल, ग्राहकाशी झालेला संवाद आणि डाउनलोडची वेळ दाखवणारी नोंद हाच पुरावा. बँकेने दाद न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत विनाशुल्क तक्रार करता येते; पोलिसांच्या आदेशाने रोखलेली रक्कम मात्र सहसा पोलीस वा न्यायालयाकडून सोडवून घ्यावी लागते.