काँक्रीटचे हानी-आकार्यता प्रतिमान

काँक्रीटचे हानी-आकार्यता प्रतिमान हे भार काढून घेतल्यावर काँक्रीटमध्ये उरणारी कायमची विकृती आणि त्याच्या ताठपणात होणारी घट या दोहोंचे एकत्रित गणित मांडणारे प्रतिमान आहे. धरणे, पूल व इमारती यांच्या भूकंपविषयक संगणकीय विश्लेषणात ते वापरले जाते.

या दोन गोष्टी एकच नव्हेत. तांब्याची तार वाकवून सोडली तर ती वाकडीच राहते. परंतु तिचा ताठपणा जवळजवळ पूर्वीइतकाच असतो. ही आकार्यता होय. याउलट पदार्थात सूक्ष्म भेगा पडल्या की भार पेलणारे क्षेत्र घटते व ताठपणा उणावतो, ही हानी. काँक्रीटमध्ये दोन्ही घडतात. त्यामुळे मुख्यतः धातूंसाठी विकसित झालेला आकार्यतेचा सिद्धांत येथे एकटा अपुरा पडतो.

हानी अंकात मांडण्याची कल्पना सोव्हिएत शास्त्रज्ञ एल. एम. काचानोव यांनी 1958 मध्ये धातूंच्या मंद विसर्पणाने होणाऱ्या भंगाच्या अभ्यासात मांडली. आज रूढ असलेल्या रूपात अखंड पदार्थाचा हानी-अंक 0 व पूर्ण तुटलेल्याचा 1 मानतात. हा अंक 0.4 असेल, तर मूळ 30 गिगापास्कल ताठपणाचे काँक्रीट 18 गिगापास्कलचे असल्यासारखे वागते.

1989 मध्ये लुब्लिनर, ओलिव्हर, ओलेर व ओनाटे यांनी काँक्रीटसाठी हानी आणि आकार्यता यांची सांगड घातली. 1998 मध्ये ली व फेन्व्हेस यांनी ताण आणि दाब यांसाठी दोन स्वतंत्र हानी-अंक घेतले. ही सुधारणा वाटते त्याहून मोलाची आहे. ताणाने उघडलेली भेग दाब येताच मिटते आणि गमावलेला ताठपणा बराचसा परत येतो; भूकंपात अशी उघडझाप काही सेकंदांत अनेकदा होते.

कोयना धरणाची कसोटी

ली व फेन्व्हेस यांनी आपले प्रतिमान महाराष्ट्रातील कोयना धरणावर तपासले. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात 103 मीटर उंचीचे हे धरण फुटले नाही. मात्र त्याच्या खालच्या बाजूचा उतार जेथे एकाएकी बदलतो, त्या पातळीच्या आसपास दोन्ही पृष्ठभागांवर आडव्या भेगा पडल्या. धरणातच बसवलेल्या उपकरणाने जमिनीचे त्वरण नोंदले होते. हादरा आणि त्याचा परिणाम दोन्ही ज्ञात असल्याने कोयना हे जगभर कसोटीचे उदाहरण ठरले. गणनेतही हानी प्रामुख्याने उतार बदलतो तेथेच एकवटते. पुढे धरणाला टेकूभिंती बांधून बळकटी देण्यात आली.

गणनेसाठी धरणाचे लहान घटकांच्या जाळीत विभाजन करतात. जाळी बदलली की उत्तर बदलण्याचा धोका असतो. तो कमी करण्यासाठी भेग पडताना खर्च होणारी ऊर्जा हा पदार्थाचा गुणधर्म म्हणून गणितात घेतात. तरीही हे प्रतिमान सुटी भेग दाखवत नाही, तर हानीचा पट्टा दाखवते. भेगेची रुंदी त्यावरून स्वतंत्रपणे अंदाजावी लागते.