डेम्लो स्टेशनवरचा आकडा

१२३४५६७८९८७६५४३२१.

एकापासून नऊपर्यंत चढायचं, मग तसंच खाली उतरायचं. कुणीतरी कंटाळून टाइप केलेला पासवर्ड वाटतो ना? पण हा चक्क पूर्ण वर्ग आहे: १११११११११ × १११११११११.

शाळेत करायचो तसा गुणाकार मांडून बघा. तीच ओळ नऊ वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकलेली. उभी बेरीज घेतली की उजवीकडून १, २, ३... मधोमध ९, आणि पुढे उतार. हातचा कुठेच येत नाही, म्हणून डोंगर शाबूत राहतो. दहा वेळा १ लिहून वर्ग करा. मध्ये १० येतात, हातचा येतो आणि शिखर ढासळतं: १२३४५६७९००९८७६५४३२१.

या डोंगरांना 'वंडरफुल डेम्लो' संख्या म्हणतात. डेम्लो कुणी गणिती नव्हे, मंडळी! ते होतं जी.आय.पी. रेल्वेवरचं, मुंबईपासून तीसेक मैलांवरचं स्टेशन, म्हणजे आजची डोंबिवली. तिथे ही कल्पना सुचली ती दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना. जन्म १९०५, डहाणूचा. म्हणजे आम्हा भाईंदरकरांच्या वेस्टर्न लाइनवरचाच माणूस. फर्ग्युसनमध्ये शिकले, १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवलं आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवलं.

'हर्षद' संख्या हे नावही त्यांचंच. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी. आता वरच्या आकड्यातले अंक मिळवा: ८१. भाग द्या: १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. म्हणजे आपला डोंगर हर्षदसुद्धा आहे. आणि गंमत म्हणजे हा भागाकारही पूर्ण वर्गच, १२३४५६७९ चा!

आता हाच आकडा एक्सेलमध्ये टाका. शेवटचे दोन अंक शून्य होतात, कारण ते पंधराच अंक सांभाळतं. जावास्क्रिप्टमध्ये साधी संख्या म्हणून लिहिलात तर शेवटचा १ जाऊन ० येतो. ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे तिथे प्रत्येक पूर्णांक नेमका मावत नाही. मास्तरांच्या वहीत मात्र तो १ जागच्या जागी.

याची किंमत काय झाली? पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. बरंचसं काम साध्या मासिकांत किंवा खासगी छापलेल्या पुस्तिकांत आलं. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या घ्याव्या लागल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला हा माणूस कळला. तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती. १९८६ मध्ये ते गेले.

'याचा उपयोग काय?' हा प्रश्न आपण इंजिनिअर लोक फार लवकर विचारतो. कापरेकरांनी तो विचारत बसण्यापेक्षा पुढचा गुणाकार केला. आज गाडीत विंडो सीट मिळाली तर १११ चा वर्ग करून बघा... तोंडीच. हातचा येत नाही!