‘सनातनी विरोध’ असा शिक्का मारण्याआधी : १८९१ आणि १८९७

सध्या गावी, वढू बुद्रुकला आहे. प्रबंधाचं तिसरं प्रकरण इथेच बसून लिहितेय. आज त्या प्रकरणातली माझीच एक चूक सांगते, कारण संशोधनाची तयारी करताना ती तुमच्याकडूनही होण्याची दाट शक्यता आहे.

आराखड्यात मी लिहिलं होतं : ‘एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सरकारी आरोग्य सुधारणांना पुण्यातल्या सनातन्यांनी विरोध केला.’ वाक्य छान वाटतं ना? मार्गदर्शकांनी ‘सनातन्यांनी’ या शब्दाखाली रेघ ओढली आणि विचारलं, “विरोध कशाला? कायद्याला, की तो राबवण्याच्या पद्धतीला?” मी मायक्रोबायोलॉजीची विद्यार्थिनी. जंतू खरा, उपाय शास्त्रीय, मग विरोध करणारे अडाणी, असा सरळ हिशोब माझ्या डोक्यात होता. तो मोडायला दोन कायदे शेजारी ठेवून वाचावे लागले.

पहिला कायदा : संमतिवय, १८९१

१८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे मरण पावली. त्यानंतर संमतिवय दहावरून बारा करणारं विधेयक आलं आणि १९ मार्च १८९१ रोजी मंजूर झालं. आपण याला सामाजिक सुधारणेचा कायदा म्हणतो. पण त्यामागे वैद्यकीय पुरावाही होता. हिंदुस्थानात काम करणाऱ्या स्त्री डॉक्टरांनी कोवळ्या मुलींना झालेल्या इजांची माहिती सरकारपुढे ठेवली होती.

पुण्यात वाद पेटला. रानडे, भांडारकर, तेलंग विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. भांडारकरांनी तर शास्त्रवचनांचाच आधार देऊन ते धर्माविरुद्ध नाही असं मांडलं. विरोधकांचं म्हणणं, गर्भाधान हा संस्कार आहे, त्यात सरकारने हात घालू नये. टिळकही विरोधात होते, पण त्यांचा मुद्दा थोडा वेगळा होता : सुधारणा समाजाने आपणहून करावी, परक्या सरकारच्या कायद्याने नको. मुलीचं लग्न सोळाच्या आत करायचं नाही असं सुधारकांनी आधी स्वतःवर बंधन घालून घ्यावं, अशी सूचना त्यांनी १८९० मध्येच केली होती.

हेतू काही असो, ‘सरकार घरात नको’ या युक्तिवादाची किंमत कोण मोजणार होतं? घरातली मुलगी. आणि त्या वादात तिला कुणी विचारलेलं नव्हतं. म्हणून इथे ‘सनातनी विरोध’ हा शब्द बऱ्यापैकी बसतो.

दुसरा कायदा : साथरोग, १८९७

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा. मूळ मजकूर जरूर वाचा, दहा मिनिटंही लागत नाहीत. दुसरं कलम सरकारला हवे ते नियम करण्याचा अधिकार देतं, तिसरं शिक्षा सांगतं आणि चौथं म्हणतं की या कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कशाबद्दलही कुणावर दावा चालणार नाही. हे चौथं कलम लक्षात ठेवा.

पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्ष झाले डब्ल्यू. सी. रँड. १३ मार्चपासून १९ मेपर्यंत सैनिकांकरवी घरझडती चालली. संशयितांना रुग्णालयात किंवा विलगीकरणाच्या छावणीत नेलं जाई, सामान जाळलं जाई. सैनिक देवघरात, माजघरात शिरतात, बायकांची तपासणी चारचौघांत होते, अशा तक्रारी आल्या. शब्द पुन्हा तेच : ‘सरकार घरात नको.’ माझी चूक इथे झाली. शब्द तेच म्हणून विरोधही तोच, असं मी धरून चालले.

आता माणसं बघा. टिळकांना प्लेगवर उपाय नको होते असं नाही. त्यांनी हिंदू प्लेग रुग्णालय उघडण्यात पुढाकार घेतला आणि शहर सोडून पळालेल्या पुढाऱ्यांवर टीका केली; राग होता तो अंमलबजावणीवर. गोखले तर सुधारकच. ते तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथे स्त्रियांवरील अत्याचारांचा आरोप केला. परत आल्यावर तो सिद्ध करता आला नाही आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. पंडिता रमाबाईंनीही प्लेग रुग्णालयातल्या व्यवस्थेवर जाहीर पत्र लिहिलं. त्यांना सनातनी कोण म्हणेल? आणि सावित्रीबाई फुले डॉक्टर मुलगा यशवंत याच्यासोबत रुग्णसेवा करताना प्लेग होऊन १० मार्चला गेल्या, सैनिकांची झडती सुरू होण्याच्या तीन दिवस आधी. रुग्ण वेगळा ठेवून त्याची काळजी घेणं बंदुकीशिवायही चाललं होतं.

खरे कट्टर सनातनीही होते. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यातले दामोदर चापेकर सुधारकांचा मनापासून द्वेष करत. त्यांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मकथनात ते लपवलेलं नाही. म्हणजे टिळक, गोखले, रमाबाई, चापेकर, सगळे एकाच कारभारावर नाराज, पण कारणं आणि मार्ग वेगवेगळे. माझ्या एका शब्दाने सगळ्यांना एकाच पोत्यात भरलं होतं.

गोखल्यांच्या माफीवर अजून थोडं थांबा. आरोप सिद्ध झाला नाही, म्हणजे काही घडलंच नाही असं होत नाही. घडलंच असंही म्हणता येत नाही. पण जिथे चौथं कलम दाव्याची वाटच अरुंद करतं आणि बाईने नाव सांगितलं तर अब्रू जाते, तिथे कागदावर पुरावा कमी सापडणारच. दप्तरातल्या शांततेला संमती समजू नका.

आणि घरातली गोष्ट

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने कोविडसाठी हाच १८९७ चा कायदा लागू केला. दुसऱ्या लाटेत माझ्या चुलतीने तीन दिवस ताप लपवला. मी तिला सगळ्यांसमोर अडाणी म्हणाले. ती बरी झाल्यावर एकदा ओसरीवर शेंगा फोडताना म्हणाली, “तपासायला माझी ना नव्हती गं. पण नेल्यावर तिथं माझ्याजवळ कोण बसणार होतं?” तिने लपवलं ते चूकच; घरातल्या दोघांना त्रास झाला. पण तिचा आक्षेप विज्ञानाला नव्हता, आणि मी तो विचारलाच नव्हता.

आता प्रत्येक विरोधासाठी मी वहीत चार रकाने आखते : आक्षेप नेमका कशावर? कोणत्या तारखेला? बोलतंय कोण? आणि किंमत कोण मोजतंय? तुमच्या विषयातला कुठलाही ‘प्रतिगामी विरोध’ घ्या आणि हे रकाने भरून बघा. चौथा बहुतेक वेळा रिकामा राहील. शोध तिथून सुरू करा.

आराखड्यातलं ते वाक्य मी खोडलंय. त्याच्या जागी आता साडेतीन पानं झालीत, आणि चुलतीची माफी मागून झालीये.