हावियेरची गढी, तुदेलाचा मोहल्ला

गेल्या वर्षी नववीच्या मुलांची सहल घेऊन गोव्याला गेलो होतो. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चमध्ये फ्रान्सिस झेवियर यांचं शव चांदीच्या पेटीत उंचावर ठेवलेलं आहे. गोव्यातले ख्रिस्ती बांधव त्यांना 'गोंयचो सायब' म्हणतात. एका मुलीने विचारलं, "सर, हे मूळचे कुठले? यांच्या गावी कुणी जातं का?"

तेव्हा नीट सांगता आलं नाही. नंतर वाचून काढलं.

जातात, तेही पायी! स्पेनच्या उत्तरेला नवारा प्रांतात हावियेर नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या गढीत 7 एप्रिल 1506 रोजी फ्रान्सिस जन्मले आणि तिथेच वाढले. दर मार्चमध्ये हजारो लोक तिथे चालत जातात. त्यात शाळा-कॉलेजातली मुलं खूप असतात. पाम्प्लोना शहरापासून हे अंतर सुमारे 50 किलोमीटर. शेवटचा टप्पा सांग्वेसा गावापासून प्रार्थना म्हणत चालायचा. या यात्रेला 'हावियेरादा' म्हणतात. 1885 च्या कॉलऱ्यानंतर, 1886 मध्ये लोक मोठ्या संख्येने तिथे चालत गेले होते. आजची दरवर्षीची प्रथा 1940 च्या दशकातली. आपल्याकडे वारीला किंवा उरुसाला पायी जाणारे ज्यांनी पाहिलेत, त्यांना ही ओढ समजावून सांगावी लागणार नाही.

'हावियेर' हा शब्द मूळ बास्क भाषेतला. अर्थ, नवं घर. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या नावातही तेच 'नवं घर' आहे. पण ते घर फ्रान्सिसच्या लहानपणीच मोडलं. नवारा हे तेव्हा स्वतंत्र राज्य होतं आणि वडील राजाच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते. 1512 मध्ये शेजारच्या कॅस्टिलच्या फौजांनी नवारा जिंकलं. 1515 मध्ये वडील वारले. 1516 मध्ये कॅस्टिलच्या हुकुमाने गढीचे बुरूज पाडले गेले. फ्रान्सिस तेव्हा दहा वर्षांचे होते. आज मुलं जे बुरूज पाहतात, ते पुढे पुन्हा बांधलेले आहेत.

त्याच 1516 सालाची दुसरी गोष्ट मला वाचताना थांबवून गेली. नवाराच्या दक्षिणेला एब्रो नदीकाठी तुदेला शहर आहे. 1119 मध्ये ते ख्रिस्ती राजाकडे गेलं, तरी पुढची जवळपास चारशे वर्षं तिथे मुसलमानांचा मोहल्ला होता. शेती, लोहारकाम करून ते राहत, त्यांचे काझी होते. कॅस्टिलने आपल्या मुलखातल्या मुसलमानांना 1502 मध्येच सांगितलं होतं, बाप्तिस्मा घ्या किंवा निघा. 1516 मध्ये तीच पाळी तुदेलावर आली आणि मोहल्ला संपला.

म्हणजे एकाच सत्तेने एकाच वर्षी हावियेरचे बुरूज पाडले आणि तुदेलातली अजान बंद केली.

हा मुलगा पुढे पॅरिसला शिकला. इग्नेशियस लोयोला तिथे त्यांचे मित्र आणि गुरू झाले. हे लोयोला 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत कॅस्टिलच्या बाजूने जखमी झाले होते. फ्रान्सिसचे भाऊ विरुद्ध बाजूला होते. शत्रूपक्षातल्या माणसाला जवळ करणारं हे मन मोठंच म्हणायचं. 1542 मध्ये गोव्यात आल्यावर त्यांनी रुग्णांची, कैद्यांची सेवा केली, तीही खरी. पण 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी गोव्यासाठी इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय मागितलं. यहुदी आणि इस्लामी रीतीने राहणारे इथे पुष्कळ आहेत, ही तक्रार त्यात होती. 1552 मध्ये ते वारले. धर्मन्यायालय 1560 मध्ये आलं आणि त्याची झळ हिंदूंमधून ख्रिस्ती झालेल्यांनाही बसली.

ती मुलगी आता दहावीत आहे. तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सर, त्यांचं स्वतःचं घर पाडलं होतं ना? मग त्यांना आठवलं कसं नाही?"

हा प्रश्न मी आपल्यालाही विचारतो. आपल्यावर अन्याय झाला, हे आपण वारंवार सांगतो, आणि सांगायलाच हवं. पण सोसलं म्हणून माणूस आपोआप न्यायी होत नाही. ज्याची भिंत पडली त्याला दुसऱ्याची भिंत दिसतेच असं नाही. ती मुद्दाम पाहावी लागते. हावियेरला चालत जाणाऱ्या मुलांना कुणीतरी तुदेलाची वाटही दाखवावी, असं मला वाटतं. आणि आपल्या मुलांना दुसऱ्यांच्या मोहल्ल्याची गोष्ट आपण सांगावी.