आधी चालवा, मग बसवा

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली हेलसिंकीहून लिनक्स या कार्यप्रणालीची पहिली आवृत्ती लोकांसमोर ठेवली तेव्हा ती संगणकावर ‘टाकून घेण्या’ची कसलीच सोय नव्हती. मशीनवर आधीपासून मिनिक्स ही दुसरी कार्यप्रणाली असली, तर त्यावर लिनक्स कंपाइल करायचं. पुढे एच. जे. लू यांनी दोन फ्लॉप्यांचा जोड तयार केला: बूट फ्लॉपी घालून मशीन सुरू करायचं, सूचना आली की ती काढून रूट फ्लॉपी घालायची. मग समोर नुसता कमांडचा पडदा येई. हार्ड डिस्कवरून लिनक्स सुरू व्हावं असं वाटत असेल, तर डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरातले आकडे हेक्स एडिटरने स्वतःच्या हाताने बदलावे लागत. त्यात चूक झाली की मशीन सुरूच होत नसे.

हे काम दुसऱ्यासाठी सोपं करून ठेवावं, असं ज्यांना सुरुवातीला वाटलं त्यांत ओवेन ले ब्लांक हे एक. मँचेस्टर कम्प्युटिंग सेंटरमधून त्यांनी फेब्रुवारी १९९२मध्ये एमसीसी इंटरिम लिनक्स दिलं. त्यात साधा मेनू होता, आणि लागणारी साधनं एकत्र करून ठेवलेली होती. गाभा एकीकडून, कंपायलर दुसरीकडून, असं गोळा करत बसण्याचा त्रास त्याने वाचला. त्याच वर्षी पीटर मॅकडोनल्ड यांचं एसएलएस आलं. ते खूप पसरलं, पण त्यात दोषही भरपूर होते. ते दुरुस्त करता करता पॅट्रिक व्होल्करडिंग या विद्यार्थ्याच्या हातून जुलै १९९३मध्ये स्लॅकवेअर तयार झालं, आणि त्याच दोषांना वैतागून पुढच्याच महिन्यात इयन मर्डॉक यांनी डेबियनची घोषणा केली. दोन्ही आजही चालू आहेत.

स्लॅकवेअरची पहिली आवृत्ती २४ फ्लॉप्यांची होती. पण फ्लॉप्या बदलणं हे खरं दुखणं नव्हतं, त्यात फक्त वेळ जाई. माणूस अडत असे तो इन्स्टॉलरच्या प्रश्नांपाशी. डिस्कचे भाग किती पाडायचे, कोणत्या सिलिंडरपासून कोणत्या सिलिंडरपर्यंत? नेटवर्क कार्डाचा आयआरक्यू कोणता? माउस कोणत्या पोर्टवर आहे? चित्रमय पडदा हवा असेल, तर मॉनिटरच्या आडव्या आणि उभ्या फ्रिक्वेन्सीचे आकडे द्या, आणि ते चुकले तर मॉनिटर खराब होऊ शकतो, असा इशाराही शेजारीच. ज्याने दुकानातून जोडून दिलेला संगणक घरी आणला, त्याला हे कुठून माहीत असणार? शिवाय त्याच डिस्कवर विंडोज आणि घरातल्या सगळ्या फायली. पार्टिशनचा एक आकडा चुकला तर सगळं जाईल, ही भीती खरीच होती. लिनक्सपासून माणसं लांब राहिली याचं मोठं कारण मला ही भीती वाटते. कमांड पाठ करण्याचा कंटाळा त्यानंतरचा.

१९९९मध्ये इन्स्टॉलर देखणे झाले. कॅल्डेराच्या ओपनलिनक्स २.२मध्ये फायली उतरत असताना टेट्रिस खेळता येई. रेड हॅटने ६.१मध्ये ॲनाकोंडा हा इन्स्टॉलर आणला. मॅन्ड्रेकने त्या सुमारास पार्टिशनचं काम माउसने, रंगीत पट्ट्या बघत करण्याची सोय दिली, आणि ती फार उपयोगी होती. तरीही क्रम जुनाच राहिला: आधी डिस्कला हात लावायचा, मग कळणार की आवाज येतो का आणि इंटरनेट चालतं का.

हा क्रम उलटा करण्याची कल्पना मात्र जुनी होती. कॅलिफोर्नियात ॲडम रिश्टर यांचं इग्ड्रासिल १९९२च्या अखेरीस आलं, ते थेट सीडीवरून चालू शकत असे. पण तेव्हाचे सीडी ड्राइव्ह फार मंद, आणि ते असलेले संगणकही थोडे. कल्पनेला दिवस आले ते २०००मध्ये, जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांच्या क्नॉपिक्समुळे. दाबून भरलेल्या एका सीडीत सुमारे दोन जीबी सॉफ्टवेअर मावत होतं. सीडी घालून मशीन सुरू केलं की क्नॉपिक्स स्वतःच यंत्राची पाहणी करी: कोणतं ग्राफिक कार्ड, कोणतं साउंड कार्ड, कोणतं नेटवर्क कार्ड. वर्षानुवर्षं माणसाला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आता यंत्रच देऊ लागलं. डिस्कवर एक अक्षरही न लिहिता पूर्ण लिनक्स समोर उभं राही, आणि सीडी काढली की संगणक होता तसाच. या सगळ्या कुळकथेत सर्वांत मोठं पाऊल कोणतं विचाराल, तर मी हेच सांगेन.

उबुंटू या लिनक्स वितरणाने ते पाऊल घराघरांत नेलं. २००४पासून मार्क शटलवर्थ यांची कॅनॉनिकल कंपनी मागणाऱ्याला उबुंटूच्या सीड्या टपालाने मोफत पाठवी, भारतातही. सुरुवातीला पाकिटात दोन सीड्या येत: एक नुसती चालवून पाहायची, दुसरी बसवायची. जून २००६च्या ६.०६ आवृत्तीपासून दोन्हींची एक झाली. चालवून पाहा, पसंत पडलं तर पडद्यावरचाच आयकॉन दाबा. आज जवळजवळ सगळी लोकप्रिय वितरणं याच वाटेने जातात, फक्त सीडीच्या जागी पेनड्राइव्ह आला.

मराठीचा प्रवेश याच वाटेवर थोडा पुढे झाला. डेबियनच्या अक्षरी इन्स्टॉलरला देवनागरीची जोडाक्षरं नीट दाखवता येत नसत. २००७च्या एच आवृत्तीत चित्रमय इन्स्टॉलर आल्यावर ती अडचण सुटली आणि २००९च्या लेनीपासून भाषांच्या यादीत मराठीही आली. इन्स्टॉलरमधल्या वाक्यांचं भाषांतर स्वयंसेवकांनी एकेक ओळ बसून केलेलं आहे, आणि दर आवृत्तीला ते पुन्हा तपासावं लागतं. मराठी नीट लिहिणाऱ्या कुणालाही त्यात भाग घेता येतो.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. त्यामुळे धडधाकट असूनही अडगळीत जाऊ घातलेला लॅपटॉप तुमच्या घरी असेल, तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवा. वायफाय, आवाज, प्रिंटर, मराठी टायपिंग, सगळं तपासा. दोन दिवस वापरा, आणि मनासारखं चाललं तरच बसवा.