कर्करोगोपचारातील प्रतीक्षाकाळ

कर्करोगाचा संशय आल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचा काळ. बायोप्सी, स्कॅन, पैशांची जुळवाजुळव आणि शेवटी ‘तारीख’ मिळणे, हे सगळे त्यात येते. तो कोठून मोजायचा हे मात्र व्यवस्था ठरवते. इंग्लंडमध्ये ८५ टक्के रुग्णांचे उपचार डॉक्टरांनी तातडीची चिठ्ठी दिल्यापासून ६२ दिवसांत सुरू व्हावेत, असे उद्दिष्ट आहे; २०१५ नंतर ते सातत्याने हुकत आले. भारतात अशी देशव्यापी मुदतच नाही, त्यामुळे उशिराची नोंदही कोणाला द्यावी लागत नाही.

बीएमजे या नियतकालिकात २०२० मध्ये आलेल्या आढाव्यानुसार, शस्त्रक्रिया ४ आठवडे लांबली की मृत्यूचा धोका सुमारे ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. सर्वच कर्करोगांना हा हिशेब लागू नाही. कमी धोक्याच्या प्रोस्टेट कर्करोगात उपचार न करता नुसते लक्ष ठेवणे हीच रीत आहे. तीव्र रक्तकर्करोगात काही दिवसही महागात पडतात.

महाराष्ट्रात नेहमी दिसणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात हानी उघड दिसते. गाठ वाढते, जबडा कमी उघडू लागतो, भाकरी सुटून पेजेवर यावे लागते आणि वजन उतरते. नंबर लागतो तेव्हा भूल व केमो सोसण्याची ताकद उरलेली नसते. मग आधी नाकातून नळी घालून पोषण द्यावे लागते. जुना स्कॅन उपयोगाचा राहत नाही, तो पुन्हा काढावा लागतो आणि खर्च पुन्हा रुग्णाच्याच माथी. ऑपरेशननंतर ज्यांना ‘शेक’ (किरणोपचार) लागतो, त्यांचा तो साधारण ६ आठवड्यांत सुरू होणे अपेक्षित असते. तिथेही रांग असतेच.

मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) देशभरातून रुग्ण येतात. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी जागा मिळाली तर ठीक, नाहीतर फुटपाथ. सोबतच्या माणसाचा रोजगार बुडतो. कित्येकदा तोच घरातला एकमेव कमावता असतो. झोप उडणे आणि फोन वाजला की दचकणे हे नित्याचेच. तरी अनेक जण ‘डॉक्टरांना राग येईल’ म्हणून चौकशीही करत नाहीत.

मार्च ते मे २०२० या टाळेबंदीच्या काळात देशातील ४१ कर्करोग केंद्रांत नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी घटली. रोग काही तेवढा घटला नव्हता. घरी थांबलेले हे रुग्ण कोणत्याच प्रतीक्षायादीत नव्हते.